प्रॅटबाईंचा आवाज बसतो

सकाळी उठल्या उठल्या लुएला प्रॅट नवऱ्याला म्हणाली, "आज कॉफी तू कर," आणि तिच्या तोंडातून नुसती हवा बाहेर आली.

वॉल्टर पलंगाच्या कडेला बसून मोजे चढवत होता. त्याने मान वर केली तर बायकोचे ओठ हलताना दिसत होते आणि ऐकू काहीच येत नव्हतं. वॉल्टरला कानात यंत्र घालावं लागे, त्यामुळे दोष कुणाचा याबद्दल त्याच्या मनात शंकाच आली नाही. त्याने यंत्र काढलं, त्यावर फुंकर मारली, मांडीवर आपटलं, नवी बॅटरी घातली आणि म्हणाला, "हं, बोल आता."

लुएला बोलली. पुन्हा तेच.

"मेलं वाटतं हे," वॉल्टर म्हणाला. "ख्रिसमसला तर नीट करून आणलं होतं." लुएला दोन्ही हातांनी स्वतःच्या गळ्याकडे दाखवत होती. तिकडे लक्ष न देता त्याने कोट चढवला आणि यंत्राच्या दुकानात जायला म्हणून दार उघडलं. बाहेर बर्फ पडून गेलं होतं आणि शेजाऱ्यांचं कुत्रं कचऱ्याच्या गाडीवर जीव तोडून भुंकत होतं. वॉल्टर उंबऱ्यातच थांबला. मग सावकाश मागे वळला.

"लू," तो म्हणाला, "कुत्रं ऐकू येतंय मला. तूच ऐकू येत नाहीयेस."

लुएला तेव्हा पन्नाशी ओलांडलेली होती आणि ओहायो राज्यातल्या डेटन शहरात थिसल हिल अकॅडमीत सहावीला इतिहास शिकवत होती. ही चार्टर शाळा होती, म्हणजे पैसा सरकारचा आणि कारभार कोलंबसमध्ये बसणाऱ्या एका खासगी संस्थेचा. शिक्षकांना करार एका वर्षाचा मिळे. वसंत ऋतूत तो पुढे चालू ठेवायचा की नाही हे संस्था ठरवी आणि कारण सांगायला ती बांधलेली नव्हती. वॉल्टरचा कारखाना बंद पडला होता, त्याच्या हृदयाच्या गोळ्या लुएलाच्या विम्यावर येत होत्या, त्यामुळे दरवर्षी बर्फ वितळायला लागलं की लुएला फार नम्रपणे वागू लागे.

शाळेची इमारत पूर्वी गालिच्यांचं दुकान होती. आतल्या मोठ्या दालनात पातळ पार्टिशनं घालून वर्ग पाडले होते, पण ती पार्टिशनं छतापर्यंत पोचत नव्हती. त्यामुळे लुएलाच्या वर्गात इजिप्तचा राजा मरत असताना पलीकडून गणिताचा डेस्मंड फाय छेद समान करा म्हणून ओरडत असे. डेस्मंडच्या वर आवाज काढायला लुएला ओरडे, लुएलाच्या वर काढायला डेस्मंड, आणि त्या दोघांवर मात करायला पलीकडची विज्ञानवाली. शिवाय बदली शिक्षक मिळत नसल्यामुळे त्या हिवाळ्यात लुएला स्वतःच्या वर्गांशिवाय पाचवीचं वाचन आणि जेवणाच्या सुट्टीतली राखणही करत होती. आवाज एका रात्रीत गेला असं तिला वाटलं, पण खरं तर तो महिनोन्‌महिने निघायच्या तयारीत होता.

तिने मुख्याध्यापकांना फोनवरून दोन ओळींचा निरोप पाठवला: आवाज पूर्ण गेला आहे, आज रजा हवी. निरोप वाचून मुख्याध्यापक ब्रेंट ऑल्डरमन यांनी लगेच तिला फोन केला.

"हॅलो, मिसेस प्रॅट? हॅलो? मिसेस प्रॅट, तुमचा आवाज येत नाहीये."

वॉल्टरने तिच्या हातातून फोन घेतला. "येत नाहीये म्हणूनच तर तिने तुम्हाला कळवलं."

"हो, हो, बरोबर. सॉरी." ब्रेंट तिशीतला, सरळ मनाचा आणि सतत घाबरलेला माणूस होता. "मिस्टर प्रॅट, त्यांना सांगाल का, की आज कुणीच मिळत नाहीये. तिसरीची बाई आधीच आजारी आहे. यांची मुलं मग मला डेस्मंडच्या वर्गात कोंबावी लागतील."

"तो म्हणतोय डेस्मंडला कोंबणार," वॉल्टर लुएलाला म्हणाला.

"बोलायची गरजच नाही म्हणावं. नुसतं उभं राहायचं. मोठं माणूस वर्गात असलं म्हणजे झालं. आणि हे मी म्हणत नाही, पण परीक्षेच्या तोंडावरची रजा संस्थेला दिसते. कराराच्या वेळी."

हे शेवटचं वॉल्टरने लुएलाला सांगितलं नाही. पण त्याचा चेहरा बघून तिला कळलं. तिने कपाटातून कोट काढला.

वर्गात गेल्यावर तिने फळ्यावर लिहिलं: *माझा आवाज बसला आहे. मदत करा.* मग ती मुलांकडे वळली आणि वाट बघत उभी राहिली. पहिली काही मिनिटं व्हायचं ते झालं. कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी कागदाचे गोळे फेकले, मागच्या बाकावर कुणीतरी बकरीसारखं ओरडलं. लुएलाला रागवता येत नव्हतं. ती बकरीकडे नुसती बघत राहिली. कधी नव्हे ते बाई काहीच बोलत नाहीत म्हटल्यावर बकरीचं धैर्य खचलं.

"गप्प बसा रे!" जाडा मॅक्लिन म्हणाली. ही मुलगी एरवी स्वतःच गप्प बसत नसे. "बाईंना खरंच काहीतरी झालंय. बाई, मी वाचू का फळ्यावरचं?"

लुएलाने मान डोलावली. त्या दिवशी हम्मुराबी राजाचे कायदे होते. तिने एकेक कायदा लिहायचा, जाडाने तो वाचायचा आणि मुलांनी काय ते म्हणायचं, असं आपोआप सुरू झालं. बांधलेलं घर कोसळून मालक मेला तर बांधणाऱ्याला मृत्युदंड, हा कायदा आला तेव्हा सगळ्या वर्गाने एकदम वर बघितलं. छताचा एक तुकडा फुगून खाली आला होता आणि त्याखाली बादली ठेवलेली होती.

"मग हे छत ज्याने बांधलं त्याचं काय?" कुणीतरी विचारलं.

"तो पळून गेला असेल."

"पण मालक कोण आहे शाळेचा? आधी मालक मरायला पाहिजे ना!"

यावर फार गंभीर चर्चा सुरू झाली. लुएला खिडकीशी जाऊन टेकली. तिचा घसा निखाऱ्यासारखा जळत होता, तरी मनात तिला हसू येत होतं. इतक्या वर्षांत कुठल्याही वर्गाने एकमेकांचं म्हणणं पूर्ण ऐकून घेतलेलं तिने पाहिलं नव्हतं.

नेमकं तेव्हा दार उघडलं. दारात ब्रेंट होता आणि त्याच्या मागे डॉ. सेलेस्ट वाईनगार्टनर. या संस्थेच्या प्रमुख. त्या एका देणगीदाराला घेऊन न सांगता कोलंबसहून आल्या होत्या. देणगीदार उंच, वयस्कर गृहस्थ होते आणि हातात हातमोजे घेऊन उभे होते. ब्रेंटच्या चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नव्हता. आजारी शिक्षिकेला धमकावून वर्गात उभं केलंय हे देणगीदारासमोर बाहेर आलं, तर त्याचाही करार एका वर्षाचाच होता.

"शिक्षिका बोलत का नाहीयेत?" सेलेस्टबाईंनी हळूच विचारलं.

"ती," ब्रेंट म्हणाला, आणि त्याला स्वतःलाही ठाऊक नव्हतं की पुढे काय येणार आहे, "ती एक पद्धत आहे. आम्ही प्रयोग करतोय. शिक्षक मुद्दाम बोलत नाही. मग मुलं बोलतात."

देणगीदारांनी हातमोजे खिशात घातले. "विलक्षण आहे हे," ते म्हणाले.

लुएलाने तोंड उघडलं, पण आवाज येईना. हातातल्या खडूने फळ्यावर खरं काय ते लिहावं असं तिला क्षणभर वाटलं. मग तिच्या डोळ्यांसमोर वॉल्टरच्या गोळ्यांची डबी आली, सात कप्प्यांची, निळी. ती हसली आणि मान लववली. सेलेस्टबाईंना ते फारच आवडलं.

दुसऱ्या दिवशी लुएला डॉक्टरांकडे जाऊन आली. स्वरतंतूंवर गाठी झाल्या होत्या. घसा आत्ता सांभाळला नाही तर आवाज कायमचा जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं आणि चिठ्ठी लिहून दिली: बोलणं पूर्ण बंद, घरी विश्रांती. चिठ्ठी ब्रेंटने उभ्या उभ्या वाचली आणि त्याचा चेहरा उजळला.

"बोलणं पूर्ण बंद! म्हणजे डॉक्टरसुद्धा आपल्याच बाजूचे!"

लुएलाने आता सोबत बाळगलेल्या छोट्या पाटीवर लिहिलं, *घरी विश्रांती.* खाली दोन रेघा ओढल्या.

"ते नंतर बघू. मिसेस प्रॅट, तुम्हाला कल्पना नाही काय झालंय ते. शुक्रवारी चित्रीकरणाला लोक येतायत."

शुक्रवारी लोक आले. त्यानंतरच्या आठवड्यात संस्थेने परिपत्रक काढलं. त्यात या प्रकाराला 'मौन अध्यापन' असं नाव दिलेलं होतं आणि सगळ्या शाळांतल्या सगळ्या शिक्षकांनी रोज दुपारपर्यंत मौन पाळावं असं म्हटलं होतं. थिसल हिलमध्ये त्याचे परिणाम ताबडतोब दिसले. विज्ञानवालीने मौनात ॲसिडबद्दल सूचना देण्याचा प्रयत्न केला आणि एका मुलाच्या बाहीला भोक पडलं. खेळाच्या शिक्षकाला शिट्टी चालेल का, हे ठरवायला कोलंबसला तीनदा विचारणा झाली. बालवर्गाची बाई खुणा करून करून इतकी दमली की मुलांना वाटलं ती नाचतेय, आणि तीही नाचू लागली.

सर्वांत जास्त हाल डेस्मंडचे झाले. डेस्मंड झोपेतही बोलणारा माणूस. पहिल्या दिवशी त्याने दहा वाजेपर्यंत कळ काढली. मग पार्टिशनच्या वरून त्याचा आवाज आला: "नाही रे बाबा, सात छेद बारा नाही! देवा!" आणि दोन्ही वर्गांनी टाळ्या वाजवल्या.

"तुझ्यामुळे हे," मुलांच्या जेवणाची राखण आटोपल्यावर तो लुएलाला म्हणाला. ती दोघं गाड्या लावायच्या जागेत त्याच्या गाडीत बसून डबा खात होती, कारण शिक्षकांच्या खोलीत आता फोटोकॉपीची दोन यंत्रं ठेवली होती. "एक घसा बसतो काय आणि अख्ख्या ओहायोत माणसं मुकी होतात काय. अगं, लोकांना सर्दी होते, तुझी पद्धत होते!"

लुएलाने पाटीवर लिहिलं, *सॉरी.*

"सॉरी काय, हस तरी."

तिने तेही केलं. डेस्मंडशेजारी ती सहा वर्षं शिकवत होती. वॉल्टरला झटका आला तेव्हा तिचे वर्ग महिनाभर त्यानेच सांभाळले होते, पार्टिशनच्या वरून, दोन्हीकडे एकाच वेळी ओरडून.

मार्च लागला आणि एका सकाळी आरशासमोर उभ्या लुएलाच्या तोंडून "अरे देवा" असे शब्द निघाले. आवाज खोल होता, खरखरीत होता, पण होता. ती तशीच जिना उतरून धावली. "वॉल्टर!"

वॉल्टरच्या हातातला पाव खाली पडला. "कोण आलंय?" त्याने दाराकडे बघत विचारलं.

ब्रेंटला मात्र आनंद झाला नाही. "हळू!" तो म्हणाला आणि त्याने ऑफिसचं दार लावून घेतलं. "मिसेस प्रॅट, कृपा करा. शनिवारी सगळ्या शाळांतले शिक्षक इथे येतायत. प्रात्यक्षिकाला. तोपर्यंत कुणाशी बोलू नका. वर्गात नाही, बाहेर नाही. दुकानातसुद्धा नको, पालक भेटतात."

"आणि माझा करार?" लुएलाने विचारलं. आपलाच आवाज ऐकून ती दचकली.

"तुमचा? तुमचा पक्का!" ब्रेंट म्हणाला. मग त्याची नजर टेबलावर गेली. "म्हणजे, तुमचा पक्का आहे."

"आणखी कुणाचा नाही?"

ब्रेंट वाईट माणूस नव्हता, त्यामुळे त्याला खोटं नीट बोलता येत नसे. अडखळत अडखळत त्याने सांगितलं. शिक्षकाला बोलायचंच नसेल तर एक शिक्षक दोन वर्ग सहज सांभाळू शकतो, असा हिशेब कोलंबसला कुणीतरी मांडला होता. उन्हाळ्यात मधली पार्टिशनं काढायची. सहावीचे दोन वर्ग एकत्र, लुएलाच्या हाताखाली. डेस्मंडला काढल्याचं पत्र तयार होतं.

त्या संध्याकाळी लुएला जेवली नाही. वॉल्टरने सूप गरम केलं, तिच्यासमोर ठेवलं आणि यंत्र कानात नीट बसवून तो समोर बसला. तिने सगळं सांगितलं. खरखरत, थांबत थांबत.

"मी बोलले तर माझीही नोकरी जाईल," ती म्हणाली. "विमा जाईल. तुझ्या गोळ्या."

सूप निवत होतं.

"लू, त्या दिवशी यंत्रात बिघाड नाही हे कळलं ना, तेव्हा मला काय वाटलं सांगू? वाटलं, आता हिचा आवाज मला परत ऐकू येणार नाही. गोळ्यांचं बघू आपण काहीतरी. माझी बहीण आहे, चर्च आहे. पण तू मुकी झालेली मला चालणार नाही."

शनिवारी शाळेच्या मोठ्या दालनात संस्थेतले सगळे शिक्षक मुलांच्या खुर्च्यांवर गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. सुट्टीच्या दिवशी बोलावलं होतं, त्याचा पगार नव्हता. डोनट मात्र होते. समोर लुएला, फळा, आणि निवडक मुलं. सेलेस्टबाईंनी सगळ्यांना तिची ओळख करून दिली. गेले कित्येक दिवस या शिक्षिकेने एक शब्दही उच्चारलेला नाही, असं त्या म्हणाल्या.

लुएलाने खडू खाली ठेवला.

"मी उच्चारला असता," ती म्हणाली. "पण माझा घसा बसला होता."

तिचा आवाज पूर्वीचा राहिला नव्हता. एखाद्या म्हाताऱ्या खलाशासारखा लागत होता. मोठ्याने बोलता येत नव्हतं, म्हणून शेवटच्या रांगेतली माणसं पुढे वाकली.

"ही पद्धत नाही. मी आजारी होते. मी रजा मागितली, ती मिळाली नाही, कारण माझ्या जागी यायला कुणी नव्हतं. इथल्या भिंती छतापर्यंत जात नाहीत, म्हणून आम्ही दिवसभर एकमेकांवर ओरडतो. डॉक्टरांनी घरी राहायला सांगितलं, तेही जमलं नाही. मुलं छान बोलली हे खरं आहे. मुलं गुणी आहेत. पण माझ्या मुकेपणावर हिशेब करून शेजारच्या वर्गातला माणूस काढणार असाल, तर मी हा प्रयोग केलेला नाही. मला बोलायचंय. उरलेल्या आवाजात, पण बोलायचंय."

तिने पुन्हा खडू उचलला, कारण हाताला काहीतरी हवं होतं. पहिल्या बाकावर जाडा मॅक्लिन ताठ बसली होती.

सेलेस्टबाई उठल्या. त्यांचे डोळे पाणावलेले होते. "पाहिलंत?" त्या सभेला म्हणाल्या. "हीच या पद्धतीची ताकद. शिक्षक इतके दिवस गप्प राहतो आणि मग बोलतो, तेव्हा प्रत्येक शब्द कसा काळजाला भिडतो! हा शेवटचा टप्पा आपल्याला परिपत्रकात घालायला हवा." आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. कोलंबसहून आलेल्या मंडळींनीही वाजवल्या.

शिक्षकांनी वाजवल्या नाहीत.

लुएला बाहेर येऊन आपल्या गाडीला टेकून उभी राहिली. तिला रडूही येईना. जन्मात एकदा धीर करून खरं बोलावं आणि त्याचाही टप्पा व्हावा, यापुढे काय करायचं ते तिला कळत नव्हतं. डेस्मंड आला. त्याच्यामागे विज्ञानवाली, मग दुसऱ्या गावांतल्या शाळांचे लोक, ज्यांची नावंही तिला माहीत नव्हती. एकजण म्हणाली की तिच्या वर्गाला खिडकी नाही. एकाने शर्टाची कॉलर बाजूला करून घशाला बांधलेला रुमाल दाखवला.

"बोलून उपयोग नाही," लुएला म्हणाली. "ते ऐकतच नाहीत."

डेस्मंडसारख्या बडबड्याला पुढचं वाक्य फारच जड जात होतं, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"मग नको बोलूया," तो म्हणाला. "परिपत्रक आहे ना? शिक्षकाने मौन पाळावं. आपण पाळू. नीट पाळू."

सोमवारपासून करारांच्या भेटी सुरू झाल्या. पहिली विज्ञानवाली. ब्रेंटने कागद पुढे सरकवला आणि म्हणाला, पुढच्या वर्षी वर्ग थोडे मोठे असतील, मान्य आहे ना? विज्ञानवाली त्याच्याकडे प्रेमाने बघत राहिली. ब्रेंटने पुन्हा विचारलं. तिने परिपत्रकाची प्रत काढून टेबलावर ठेवली. तिच्यानंतर खेळाचा शिक्षक आला आणि तोही बघत राहिला. मग बालवर्गाची बाई. हीच तऱ्हा बाकीच्या शाळांतून. सही कुणी करीना, नाहीही म्हणेना. कोलंबसहून फोन येत, शिक्षक ते उचलत आणि कानाला लावून शांत उभे राहत. वर्गात, मुलांपुढे मात्र सगळे बोलत होते.

पालकांना हे मुलांकडून कळलं. जाडाच्या आईने तर संस्थेच्या बैठकीतच जाऊन विचारलं, "तुम्ही शिक्षकांना बोलू देत नाही हे खरं आहे का?" सेलेस्टबाईंनी समोर बसलेल्या शिक्षकांकडे वळून विचारलं, "असं कुणी म्हटलंय का? सांगा ना!" तुडुंब भरलेल्या खोलीत त्या प्रश्नाला कुणी उत्तर दिलं नाही. देणगीदार पहिल्या रांगेत बसले होते. त्यांनी खिशातून हातमोजे काढले आणि एकेक बोट करून चढवायला सुरुवात केली.

अखेर संस्था बोलणी करायला तयार झाली. फार काही मिळालं नाही. पार्टिशनं छतापर्यंत गेली नाहीत, पण निघालीही नाहीत. डेस्मंड राहिला. लुएलाला तिची रजा मिळाली, तीही ऐन एप्रिलमध्ये, घसा जवळजवळ बरा झाल्यावर. आणि एक कलम बालवर्गाच्या बाईने सुचवलं होतं, ते कुणाच्या लक्षात न येता मंजूर होऊन गेलं: बदली शिक्षक मिळाला नाही तर त्या दिवशी तो वर्ग मुख्याध्यापकाने घ्यायचा.

लुएला रजेवरून परत आली त्या दुपारी, मुलं गेल्यानंतर, तिच्या दारावर टकटक झाली. ब्रेंट होता. त्याच्या शर्टाला निळा रंग लागला होता आणि एका बुटाची नाडी कुणीतरी खुर्चीच्या पायाला बांधून मग कापलेली दिसत होती.

"तिसरीचा वर्ग," तो म्हणाला.

"ये, बस," लुएला म्हणाली. इतकी वर्षं ती त्याला अहो-जाहो करत आली होती. आज ते तिच्याच्याने होईना.

तो मुलांच्या छोट्या खुर्चीवर बसला. "उद्या पण आहे. बाई पुन्हा आजारी पडल्यात. मिसेस प्रॅट, काही सांगाल का? काहीही."

लुएलाने विचार केला. "आवाज चढवू नकोस. त्यांचा चढला की तू उतरव. फळ्याकडे तोंड करून बोलू नकोस. जेवण उभ्यानेच होईल, तेव्हा सूप नको, सँडविच ने. आणि सकाळी कॉफी पिऊ नकोस."

"कॉफी का नको?"

"दुपारपर्यंत वर्ग सोडून बाथरूमलाही जाता येत नाही. मुलांना एकटं ठेवायचं नाही, असा तुमचाच नियम आहे."

ब्रेंटने हे मनात नीट बसवून घेतलं. मग त्याच्या कपाळावर आठी पडली. तो खरोखरच काळजीने, अगदी मनापासून विचारत होता.

"पण मग इतकी वर्षं तुम्ही लोक काय करत होता?"

लुएलाने त्याच्याकडे पाहिलं आणि ती काही बोलली नाही.